उसनं पडणं

तिला घरी चेंडू म्हणत. लहानपणी ज्यूदोच्या गादीवर आपटली की रडायच्या आत उठून उभी राहायची, म्हणून वडिलांनी ठेवलेलं नाव. लग्न झालं, नवराही तेच म्हणायला लागला, आणि चाळिशीला टेकल्यावरही ती चेंडूच राहिली.

वडील ज्यूदो शिकवायचे. एका शाळेच्या मागच्या अंगाला लांबट खोली होती, तिथे त्यांचा क्लास भरायचा. नवीन मूल आलं की कितीतरी दिवस ते त्याला कुणाला पाडायला शिकवायचेच नाहीत, आधी पडायला शिकवायचे. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, तळहात गादीवर सपकन. आमचं पोर मारामारी कधी शिकणार, असं पालक वैतागून विचारायचे. पडायची भीती गेली की निम्मं शिकून झालं, असं ते सांगायचे आणि शिट्टी तोंडात धरायचे. चेंडू त्याच खोलीत वाढली. स्पर्धांमध्ये तिने फार मोठे दिवे लावले नाहीत, पण तिच्यासारखं पडणारं त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

हे पडणंच पुढे तिच्या पोटापाण्याला आलं. शहराच्या कडेला, फर्निचरच्या जुन्या गोदामात, व्हिडिओ गेम बनवणारी एक छोटी कंपनी होती. त्यांना पडणारं माणूस हवं होतं. अंगाला घट्ट काळा पोशाख, त्यावर जागोजागी चिकटवलेल्या चमकत्या गोट्या, चारी भिंतींवर कॅमेरे. ती पडली की संगणक ते पडणं टिपायचा आणि गेममधल्या पहारेकऱ्याच्या अंगात घालायचा. म्हणजे घरी बसलेल्या खेळाडूने पहारेकऱ्याला लोखंडी सोटा हाणला की पडायची ती चेंडू. वडिलांना तिने एवढंच सांगितलं होतं की ती कलाकारांना हालचाली शिकवते. मार खायची नोकरी आहे, हे ज्यूदोच्या मास्तरांना सांगायला तिची जीभ रेटली नाही.

गेममधली मारामारी रचायचं काम एका किडकिडीत माणसाकडे होतं. सगळे त्याला चेष्टेने सेनापती म्हणत, कारण कुणी चढ्या आवाजात बोललं तरी तो मागे सरकायचा. पण फटका कसा लागला पाहिजे याचा ध्यास त्यानेच घेतला होता. बाहेरच्या लोकांना बोलावून तो गेम खेळायला बसवायचा आणि काचेमागून त्यांच्या बोटांकडे, खांद्यांकडे बघत राहायचा. सुरुवातीला लोक चिडून कंट्रोलर आपटायचे, कारण पहारेकरी कुठूनही उगवून हाणायचे. मग सेनापतीने प्रत्येक पहारेकऱ्याला फटक्याआधी खांदा उचलायला लावला, हुंकार द्यायला लावला. मार तितकाच राहिला, चिडचिड मात्र निवळली. लोक हरायला तयार असतात, फसायला तयार नसतात, असं तो चेंडूला समजावून सांगायचा.

दुसरी तक्रार काही केल्या हटेना. विम्याच्या कचेरीत काम करणाऱ्या एक बाई खेळायला आल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ सोटा चालवला आणि उशी बडवल्यासारखं वाटतंय म्हणून कंट्रोलर ठेवून दिला. सेनापतीने फटक्याचा आवाज जड केला. सोटा लागल्या क्षणी चित्र पापणी लवेपर्यंत थांबवलं. पडदा जरासा हादरवला. फरक पडला, नाही असं नाही, पण उशी ती उशीच राहिली.

एका दुपारी तो चेंडूच्या गादीपाशी येऊन उकिडवा बसला.

"तुम्ही फार छान पडता," तो म्हणाला. "तिथेच घोडं अडलंय. तुम्हाला लागतच नाही. समोरच्याला लागलंच नाही तर मारणाऱ्याला मारल्यासारखं वाटणार कसं?"

त्याचं खरं होतं. सगळा मार अंगभर वाटून टाकून मोकळं व्हायचं, हेच तिला शिकवलेलं. ती वाईट पडायचा प्रयत्न करू लागली. हात पसरून पडली, कण्हली, लोळली. काचेपलीकडची मंडळी हसायला लागली, ते नाटकातलं मरण वाटत होतं. गोटीगोटीखाली घाम साचला. पुन्हा उभं राहताना तिला वडील आठवले.

काही वर्षांपूर्वी क्लासमध्ये पट्टे द्यायचा समारंभ होता. पालक खुर्च्यांवर बसले होते. वडिलांच्या डाव्या पायातली ताकद तेव्हा कमी होत चालली होती, पण ते कुणाला कळू देत नव्हते. एका मुलीला पट्टा द्यायला ते गादीवरून निघाले आणि मध्येच गुडघ्याने दगा दिला. पडायला शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला ते कसेही पडले. गुडघा आतल्या बाजूला वळला, एक हात हवेत आधार शोधत राहिला, आणि कमरेवर आदळल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे खुर्च्यांकडे पाहिलं, कुणी बघितलं का म्हणून. मग ते बसूनच म्हणाले, "मुलांनो, असं पडायचं नसतं." सगळे हसले. चेंडू गादीच्या कडेला उभी होती. पुढे झाले तर त्यांना अपमान वाटेल, असा विचार करत ती जागच्या जागी राहिली. त्यानंतर वडिलांनी क्लास एका जुन्या विद्यार्थ्याच्या हवाली केला आणि ते चेंडूच्या घरी राहायला आले. त्या दिवसाबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

गोदामातल्या गादीवर चेंडू तशीच पडली. तोच गुडघा, तोच हवेतला हात, आणि मग ते बघणं.

काचेपलीकडचं हसू थांबलं. सेनापती हळूच आत आला आणि हे कुठून आणलंत म्हणून विचारू लागला.

"सुचलं," ती म्हणाली.

तेवढ्यानेच तिला आत काहीतरी टोचलं. पण सेनापतीचा चेहरा इतका उजळला होता, आणि आपल्यामुळे काम अडल्याचं ओझं इतके दिवस तिच्या मानेवर होतं, की टोचणी तिने तिथल्या तिथे दाबून टाकली.

विम्याच्या कचेरीतल्या बाईंना पुन्हा बोलावलं. यावेळी चेंडूही काचेमागे उभी राहिली. बाईंनी सोटा फिरवला, पहारेकऱ्याचा गुडघा वळला, हात हवेत गेला, तो कोसळला. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. दुसरा पहारेकरी आला, त्यालाही पाडलं. आता त्या ओठ चावून, मन लावून खेळत होत्या. चेंडूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात बाई शेजारी बसलेल्या मैत्रिणीला म्हणाल्या, "बघ ना, पडल्यावर कसा कावराबावरा होऊन बघतो." दोघी खळखळून हसल्या आणि ते बघणं पुन्हा दिसावं म्हणून बाईंनी आणखी एकाला लोळवलं. चेंडूचे कान तापले. तोंड धुवायला म्हणून ती बाहेर गेली. तेव्हा बोलायला हवं होतं, ते बदला म्हणायला हवं होतं, हे तिला तिथे बेसिनपाशीच कळलं होतं. परत आली तर सगळे तिची पाठ थोपटायला उभे. ती हसली आणि गप्प बसली.

गेम बाजारात आला. चांगला चालला. खेळणारे लिहायचे की फटका बसला की अंगात जाणवतो, पहारेकरी खरोखरचा माणूस वाटतो. चेंडू ते वाचायची आणि फोन पालथा ठेवायची.

नवरा गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा. स्वभावाने साधा, बायकोचं कौतुक पोटात न मावणारा. एका रविवारी दुपारी त्याने कुणाकडून तरी सगळं सामान मागून आणलं, टीव्हीला जोडलं आणि सासऱ्यांना समोर खुर्चीत बसवलं. चेंडू तेव्हा गच्चीत कपडे वाळत घालत होती. पट्ट्यांच्या समारंभाच्या दिवशी तो कामावर होता, त्यामुळे त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. ती खाली आली तेव्हा तो जीभ बाहेर काढून बटणं दाबत होता आणि सांगत होता, "बाबा, हे जे सगळे पडतायत ना, ती आपली चेंडूच आहे."

पडद्यावर पहारेकरी पडला. त्याने इकडेतिकडे पाहिलं.

वडिलांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पुन्हा दाखवा म्हणाले. जावयाने उत्साहाने दुसऱ्याला पाडलं, मग तिसऱ्याला. चेंडू रिकामी बादली घेऊन दारातच थिजली. वडील पडद्याकडे तसेच बघत होते, जसे पूर्वी विद्यार्थ्याची चूक शोधताना बघायचे. मग शांतपणे म्हणाले की आता बंद करा, डोळे दुखतात. काठी घेऊन ते आतल्या खोलीत गेले.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने दोन वाक्यांत सांगितलं. त्याने कंट्रोलर असा खाली ठेवला, जणू हात भाजला.

ती आत गेली तेव्हा वडील पलंगावर बसून गुडघा चोळत होते.

"हात असाच गेला होता माझा?"

"हो."

"मला वाटायचं, तू तेव्हा दुसरीकडे बघत होतीस." त्यांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. "आणि मी लोकांकडे बघितलं, तेही तू पाहिलंस."

काढून टाकायला सांगते, एवढंच ती कसंबसं पुटपुटली.

"ते तुझं तू बघ," वडील म्हणाले. "मला नुसतं आधी सांगितलं असतंस, तर सावरून बसलो असतो. जावयासमोर असं बसायला लागलं नसतं."

रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ते रागावले नव्हते. त्यांना लाज वाटत होती, आणि ती तिने त्यांच्या पदरात टाकली होती.

सोमवारी तिने सेनापतीला सगळं सांगितलं. तो खाली बघून ऐकत राहिला. लोकांकडे गेलेला गेम परत घेता येत नाही, पण सुधारणा पाठवताना थोडं बदलता येतं, असं त्याने समजावलं. पडणंच काढलं तर मालक तयार होणार नाहीत, तेच तर लोकांना आवडलंय. मग तो म्हणाला, "ते बघणं काढतो. मला त्या दिवशीच कळायला हवं होतं की असं काही कुणाला सुचत नाही." गुडघा आणि हात तसेच राहिले. बघणं गेलं. पुढच्या आठवड्यात काहींनी लिहिलं की पूर्वीसारखी मजा राहिली नाही. सेनापतीने त्यांना उत्तर दिलं नाही. चेंडूने बदल झाल्याचं वडिलांना सांगितलं, तेव्हा त्यांनी "बरं" म्हणून वर्तमानपत्र उलटलं.

घरात मात्र काहीतरी बदललं ते बदललंच. ती समोर असली की वडील खुर्चीतून उठत नसत. पाणी हवं असलं तरी ती स्वयंपाकघरात जाईपर्यंत थांबायचे, मग काठीचा आवाज यायचा. ती हे ओळखून मुद्दाम खोलीबाहेर जायची, नळ सोडायची, भांडी वाजवायची, म्हणजे त्यांना निवांत उठता येईल. पायाच्या व्यायामाला दवाखान्यात न्यायचं तर ते जावयाला सांगायचे. एकाच घरात दोघं एकमेकांना चुकवत राहिली.

असे बरेच महिने गेले. एके सकाळी नवऱ्याला लवकर कामावर जावं लागलं. चेंडू रिक्षा ठरवायला फोन उचलणार, तेवढ्यात वडील आतून म्हणाले, "तूच चल की. तिथपर्यंत चालतच जाऊ."

ती निघाली ती त्यांच्या दोन पावलं मागे, म्हणजे तोल गेलाच तर धरता येईल. औषधांच्या दुकानापाशी ते थांबले, मागे वळून न बघता म्हणाले, "मागून चालू नकोस. तू टिपून घेतेयस असं वाटतं."

तिचा चेहरा पुन्हा तापला. ती पुढे होऊन त्यांच्या शेजारी आली. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि तिचं कोपर धरलं. सिग्नलपर्यंत तिने एकदाही त्यांच्या पायांकडे पाहिलं नाही. तिथे गाड्या थांबेपर्यंत उभं राहावं लागलं. आज दवाखान्यात गर्दी असेल, असं वडील म्हणाले, आणि तीही म्हणाली की असेल.