आडवं न करणारे डॉक्टर

आमच्या घरात औषधावर कोणाचा विश्वास नव्हता, कारण ते कधी परवडलंच नाही. मेंढरं आणि धारूरच्या डोंगरातलं गवत, एवढ्यावर माझ्या वडिलांनी, आबांनी, मला हैदराबादेला कॉलेजात घातलं होतं. आबा गेले असते तर मेंढरांमागं मलाच जावं लागलं असतं. तसं झालं नाही, ते डॉक्टर गफूरसाहेबांमुळं.

धारूरच्या दवाखान्यात एकच खाट होती आणि तिच्यावर साहेब स्वतः बसत. पेशंटला आडवं करणं त्यांना आवडत नसे. धापा टाकत आलेला माणूस उकिडवा बसो की ओणवा होवो, ते म्हणत, "ऱ्हाऊ द्या तसंच. दम त्याचा हाय, त्यालाच कळतंय." एकदा घाटात बैलगाडी उलटून गाडीवान खाली अडकला. लोक गाडी उचलायला धावले. साहेब मात्र सरपटत आत गेले, त्याच्या तोंडातली माती बोटांनी काढली, हनुवटी धरली आणि आतूनच सांगितलं, "हां, आता उचला. सावकाश. मीबी हाय खाली."

मी सुट्टीत घरी आलो तेव्हा आबांच्या घशात गळू झालं होतं. जबडा आखडलेला, लाळ गळत होती. हात भुईला टेकून ओणवं राहिलं तरच श्वास चालायचा. वस्तीनं आशा सोडली. जाणाऱ्याला भुईवर निजवायची आमच्यात रीत. चुलत्यांनी जमीन सारवून घेतली, गंगाजलाचा गडू आणला आणि आबांना उताणं निजवलं. आबा निळे पडले आणि लाथा झाडत पुन्हा ओणवे झाले. चुलते म्हणाले, जीव घुटमळतोय. मी साहेबांना आणायला धावलो.

साहेब आल्यावर चुलत्यांनी हात जोडले. "साहेब, सुखानं जाऊ द्या त्याला."

"कुठं चाललाय तो? लाथा मारतोय की." साहेबांनी गडूकडं पाहिलं. "पाणी ऱ्हाऊ द्या बाजूला. लागलं तर मीच मागीन."

मग शेरवानीसकट ते आबांच्या तोंडाखाली उताणे झोपले. मला पितळी थाळी धरून आबांच्या तोंडात ऊन पाडायला लावलं. पळीच्या दांड्यानं दात उघडले. मग चाकू घेतला; टोक सोडून त्याच्या पात्याला चिंधी गुंडाळलेली होती. ते आत गेलं तसे चुलते डोळे मिटून रामराम म्हणू लागले. गळू फुटलं आणि सगळा पू शेरवानीवर आला.

"निजवला असता तर हे समदं छातीत गेलं असतं," साहेब खालूनच म्हणाले.

आबांनी लांब श्वास घेतला. पहिला शब्द बोलले तो चुलत्यांना; तो लिहिण्याजोगा नाही. मग साहेबांनी गडू मागितला आणि गंगाजलानं आबांनी चुळा भरल्या.

पुढं साहेबांची बदली झाली. ते वारल्याचं मला फार उशिरा कळलं. आबा त्यानंतर बरीच वर्षं मेंढरं राखत होते. मी बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला. आणि आमच्या वस्तीवर आता दम लागलेल्या माणसाला डॉक्टर येईपर्यंत कोणी निजवत नाही.