जुन्या टाकीचं विरजण

बिअरच्या कारखान्यामागे गढूळ पाण्याची टाकी होती, तिची राखण वहिनी करायची. दीर तिथलाच फिटर, त्यामुळे सगळे तिला वहिनीच म्हणायचे. टाकीतल्या गाळात जिवाणू असतात. कारखान्याचं आंबूस सांडपाणी तेच खातात, तेव्हा कुठे पाणी निवळतं. त्यांना हवा लागते, म्हणून तळातून पंपाने हवा सोडायची. पण हवा सुटली की पाणी इतकं पोकळ होतं की पट्टीचा पोहणाराही तळ गाठतो. म्हणून बटण दाबण्याआधी कठड्यावर पान्याने तीनदा ठोकायचं. आत शिडीवर कोणी पाईप साफ करत असेल तर तो उलट ठोकून ओ देणार.

एके दिवशी दिराने ठोकलंच नाही, तसंच बटण दाबलं. घाई झाली होती मेल्याला! आत त्याचाच थोरला भाऊ होता, वहिनीचा नवरा.

गळ टाकले, हाती एक बूट लागला. टाकी रिकामी करा म्हणून वहिनीने टाहो फोडला. पण गाळ उपसला तर जिवाणू मरतात आणि कारखाना थांबतो, म्हणून साहेबांनी साफ नकार दिला. मग तिने टाकीवरचीच नोकरी मागून घेतली. रोज सकाळी फेसाकडे बघून विचारायची, "अहो, जेवलात का?" आणि खोटं कशाला सांगू, फेस सरकत तिच्या पायाशी येऊन थांबायचा.

पुढे नवी टाकी बांधली. जुनी उपसताना तळाशी दुसरा बूट निघाला. हाड नाही, सदऱ्याचं बटण नाही, काही नाही. दीर पांढराफटक पडला. "वहिनी, हा गाळ टँकरने लांब फेकू. नव्या टाकीत जिवाणू सोडायला दुसऱ्या कारखान्याचा गाळ आणू."

वहिनी टँकरला आडवी झाली. "घरचं विरजण असताना शेजारी कशाला जायचं, भावोजी? ह्यांना मी उकिरड्यावर जाऊ देणार नाही!"

शेवटी तोच गाळ नव्या टाकीत ओतला. भर दुपारी सगळे जमले. दिराने पाना उचलला आणि कठड्यावर तीनदा ठोकलं.

आतून तीनदा उलट आवाज आला. टाकीत कोणीही उतरलेलं नव्हतं.

दिराने बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. वहिनी हळूच म्हणाली, "आली ना ओ? विचारलं असतंत, तर त्या दिवशीही दिली असती त्यांनी."