आखाजी सरेना

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळणं कोणी वाईट मानत नाही. लेकीबाळी माहेरी येतात, निंबाला झोके बांधून गाणी म्हणतात, आणि पुरुषमंडळी पारावर डाव मांडतात. सण उतरला की पत्ते फडताळात जातात. साऱ्या गावाला हे जमतं. मला जमलं नाही.

चाळीसगावला मी एका अडतीवर कारकून होतो. आखाजी जाऊन पावसाळा आला, पावसाळा जाऊन कापूस आला, तरी माझा डाव चालूच. लोक म्हणत, पैशाचा लोभ. पैसा निमित्ताला होता. पान उलटण्याआधी जो एक क्षण असतो, त्यात मला जगातलं दुसरं काही आठवत नसे, आणि तेवढ्यासाठी मी कुठलंही खोटं बोलायला तयार असे. पोथी ऐकायला जातो म्हणून निघायचो. बायको भक्तीनं हातात नारळ द्यायची. तो नारळही मी एकदा डावावर लावला आणि हरलो. मग बाजारातून गूळ घेतला आणि घरी येऊन प्रसाद म्हणून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो कपाळाला लावून खाल्ला. हे लिहितानाही मान वर होत नाही.

तिला खरं कळलं ते शेजारणीकडून. ती भांडली नाही. पुढच्या आखाजीला धुळ्याजवळ माहेरी गेली ती परत आलीच नाही. मी आणायला गेलो तेव्हा गावातले बाकीचे झोके कधीच उतरले होते, आणि ही एकटी झोक्यावर बसलेली. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, म्हणून भावजयीला मोठ्यानं म्हणाली, "वहिनी, त्यास्नी आखाजी सरनी नही, मंग मनी बी सरनी नही." 'मनी' म्हणजे 'माझी'.

"आयकं का जावईबापू?" वहिनी हसू दाबत म्हणाली. "माहेरवाशीण शे ती. सण चालू शे!"

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. मला वाटलं, आता जोडा काढतील. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, "ऱ्हा चार दिवस. खेळाचं मनात उनं, की लपू नका. मोठ्यानं सांगा, 'आबा, उनं.' मंग हाताले काम देसू."

पहिल्यांदा ते 'उनं', म्हणजे 'आलं', घशातून निघेना. निघालं तसं आबांनी मला विहिरीवर मोट हाकायला लावलं. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावात बातमी! पाण्याला आलेल्या बाया लांबूनच ओरडत, "जावईबापू, उनं का गयं?" खरं तेच मी सांगे, आणि हशा पिके. लाजेनं कान तापत, पण मीही हसू लागलो. तिथे मला कळलं, की ही ओढ येते, थोडा वेळ बसते आणि उठून जाते. इतकी वर्षं मी तिला कधी उपाशी जाऊच दिलं नव्हतं.

तरी एकदा घसरलो. शेजारच्या गावच्या बैलबाजारात वडाखाली डाव दिसला आणि बसलो. मध्येच उठलो कसा, ते मलाच ठाऊक नाही. ओळखीचं कोणी तिथे नव्हतं. सांगायचं नाही, असं वाटेत पक्कं ठरवलं. पण ओट्यावर बायको एकटीच डाळ पाखडत बसली होती.

"आज मी खेळलो," मी म्हणालो.

सूप थांबलं. "कोनी देखं?"

"कोणी नाही. मीच सांगतोय."

ती आत गेली. मला वाटलं, संपलं. ती बाहेर आली ती लुगड्यांचं गाठोडं काखेत घेऊन, आणि वहिनीला म्हणाली, "भाऊले गाडी जुपाले सांग. आगगाडी चुकी जाई."

गाव मागे पडलं. तिचा भाऊ पुढे बैलांशी बोलत होता. तिनं हळूच विचारलं, "किती हरनात?"

"जिंकत होतो. मध्येच उठलो."

तिनं मांडीवरचं गाठोडं बाजूला सरकवलं.

"मंग तं उठनं आखो जड गयं व्हई," ती म्हणाली.

मी मान हलवली. जड गेलं होतं खरंच. ती म्हणेपर्यंत माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं.