चुलीपाशी शिकलेली सावली

तेलरंगात माणसांचे चेहरे काढायला तू कुणाकडे शिकलीस, असं नातवंडं विचारतात. चुलीकडे, म्हटलं की हसतात. हसोत बापडी.

भवानी पेठेत काकांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. दुकानात मुलींनी बसायचं नाही, म्हणून त्यांचे उरलेसुरले रंग आणि जवसाचं तेल घेऊन मी स्वयंपाकघरात बसायचे. तिथं चुलीवरच्या भिंतीवर, मला समजायला लागलं त्याच्या आधीपासून, कुणा जुन्या विलायती उस्तादाचं छापील चित्र काचेत लावलेलं होतं. डोक्याला फडकं गुंडाळलेला एक म्हातारा. त्याची मी दहा-बारा वेळा नक्कल केली. तपकिरी कातडी, कपाळावर काळोख. "खरी कला या सावलीत आहे," असं मी आईला शिकवायचे. आई भाकरी थापत म्हणायची, "असंल की."

मग शेजारच्या विणकर मावशींनी आपल्या वारलेल्या नवऱ्याचा फोटो आणून दिला, मोठं चित्र काढ म्हणाल्या. काकांनी तिथंच बजावलं, "मावशींना पटलं तर रंगव पुढं. न्हाय तर कुंचले माळ्यावर आन् तू बोहल्यावर."

महिनाभर खपून मी त्या माणसावर उस्तादाची सगळी सावली चढवली. मावशी बघायला यायच्या होत्या त्याच दिवशी सकाळी आईनं दिवाळीची झाडलोट काढली आणि ओल्या फडक्यानं ती काच पुसली. म्हातारा गोरापान, गुलाबी गालांचा!

"अगं बाई, ह्यो तर सायब निघाला की!"

इतकी वर्षं मी आमच्या चुलीची काजळी गिरवत होते.

मावशी आल्या. चित्रापुढं जाऊन उभ्या राहिल्या. मी चाचरत म्हटलं, "रंग जरा काळा झालाय..."

"मग ते काय गोरे होते? फोटोवाल्यानं पावडर फासून नाटकातला राजा केलता त्यांचा. हे बघ, हे हायत माझे." आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

दारातून काका म्हणाले, "काळा माणूस काळा काढला, त्यात काय मोठं?" पण कुंचले काही माळ्यावर गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी आईला हळूच सांगितलं, "ती काच आता पुसू नकोस."

"न्हाय पुसत," आई म्हणाली. "ओली लाकडं घालते, म्हंजे लवकर शिकशील."