नियम मोडायचा गृहपाठ

वर्गात खुर्चीवर बसून शिकवणं मला कधी जमलंच नाही. खुर्चीवर माझी पिशवी बसायची आणि मी फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायची. बाईंच्या तासाला मान दुखते, असं मुली आपसात म्हणायच्या. मुली म्हणजे काही परकरातल्या पोरी नव्हेत. सोलापुरातलं बायकांचं ट्रेनिंग कॉलेज होतं ते. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी घरच्यांची मर्जी राखून आलेली सून. शिक्षिका व्हायचं आणि कुठल्यातरी गावच्या मुलींच्या शाळेत चिकटायचं, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या. समाजशास्त्र शिकायला एकही आली नव्हती.

ते खूळ माझं. मुंबईला एम. ए. करताना हा नवा विषय डोक्यात शिरला आणि सोलापुरात नोकरी लागल्यावर तो मला स्वस्थ बसू देईना. अभ्यासक्रमात त्याला कुठे जागा नव्हती. सुपरिंटेंडेंट बाईंच्या हात धुऊन मागे लागले आणि ‘शाळा आणि समाज’ या नावाखाली आठवड्यातला एक तास पदरात पाडून घेतला. त्यांची एकच अट होती : कुणाच्या घरात भांडणं लावायची नाहीत. मी हो म्हणाले. तास मिळतोय म्हटल्यावर मी कशालाही हो म्हणाले असते.

पहिल्या काही तासांत मी जीव तोडून बोलले. माणसं नियम करतात हे खरं, पण आपण जन्मतो तेव्हा ते आधीपासून घरात बसलेले असतात, आपल्याला बाहेरून दाबत असतात, आणि दाब इतका सवयीचा होतो की तो कळतसुद्धा नाही. बोलता बोलता माझा घसा सुकला. मग पहिल्या बाकावरून कुणीतरी अदबीनं म्हणालं, बाई, टिपण द्या की. मी चिडून चार ओळी सांगितल्या. पुढच्या आठवड्यात ज्या ज्या मुलीला उठवलं तिनं त्या चार ओळी एका दमात, एकाच चालीत म्हणून दाखवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच तिरीमिरीत मी तो गृहपाठ दिला. म्हटलं, वह्या मिटा. तुमच्या घरातला एखादा बारीकसा नियम शोधा, जो कुणी कधी सांगितला नाही पण सगळे पाळतात. तो एकदा मोडा. काय झालं ते लिहा. आणि मग तोच प्रसंग समोरच्या माणसाच्या तोंडून लिहा, त्याला तो कसा दिसला असेल तसा. दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटत होता. दुसऱ्याच्या तोंडून लिहिल्याशिवाय त्याच्यावरचा दाब कळत नाही, असं माझं मत होतं, आणि ते आजही आहे.

आठवड्यानं लिखाण हातात आलं आणि मी कपाळाला हात लावला. जवळजवळ सगळ्यांनी नियम मोडायची घरच्यांकडून परवानगी घेतली होती. एकीनं सासूबाईंना विचारून डाव्या हातानं पाणी दिलं होतं आणि सासूबाईंनी कौतुकानं ते पिऊन टाकलं होतं. एकीनं सगळ्यांच्या आधी जेवायचं ठरवलं, तर घरातली सगळी माणसं पाटावर बसून ती कशी जेवते ते बघत राहिली. एका विधवेनं चांगला दिवस बघून नियम मोडला होता. शेवटी सगळ्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की काहीही त्रास झाला नाही, समाज चांगला आहे. मी हसावं की वह्या भिरकावून द्याव्यात, मला कळेना.

एकीनं मात्र विचारलं नव्हतं.

ती मूळची मैंदर्गीची, घरात कन्नड बोलणाऱ्या लिंगायत व्यापाऱ्याची मुलगी. भवानी पेठेत दिलेली. सासऱ्यांचं खणांचं दुकान, मागे घर. नवरा माल आणायला महिनोन्‌महिने गुळेदगुड्डकडे असायचा. त्याच्याच हट्टानं ती कॉलेजात आली होती. मैंदर्गीच्या मुलींच्या शाळेत शिकवायचं हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं, आणि वर्गात ते ती सगळ्यांना सांगत सुटायची. तिच्या घरी सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही अशी रीत होती. काही सांगायचंच झालं तर जवळच्या लेकराला सांगायचं, म्हणजे सासऱ्यांना ऐकू जातं. त्या घरात लेकरू नव्हतं, म्हणून ती माजघरातल्या खांबाला सांगायची. पाणी तापलंय रे खांबा. की सासरे खाकरून उठायचे.

त्या सकाळी ती पदर सारखा करून सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मावा, पाणी काढलंय.” मावा म्हणजे सासरे. तिनं लिहिलं होतं, की त्यांनी सवयीनं आधी खांबाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि मग म्हणाले, “आतव्वा.” म्हणजे, बरं गं बाई. आणि उठून अंघोळीला गेले. दुसऱ्या भागात तिनं सासऱ्यांच्या तोंडून लिहिलं : पोरीचा आवाज चांगला आहे, लग्न झाल्यापासून नुसता खांबच ऐकत होता. वर्गात तिनं हे वाचून दाखवलं तेव्हा हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते तिला परत वाचायला लावलं. इतकी खूश मी त्या नोकरीत फार थोड्या वेळा झाले असेन.

दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली.

तिच्या गल्लीतून येणाऱ्या एकीनं निरोप आणला की सासूनं तिचं कॉलेज बंद केलंय, शिकली तेवढं पुरे म्हणाली. मी लगेच ताडलं की हे सासऱ्याचं काम. तोंडावर आतव्वा म्हणायचं आणि बायकोच्या आडून बेत हाणून पाडायचा. माझ्याकडे त्यासाठी शास्त्रही तयार होतं. सुपरिंटेंडेंट बाईंनी मला बोलावून घेतलं. सराव पाठ सुरू झाले होते. ते बुडाले तर तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि वर्ष गेलं की सासरचे तिला दुसऱ्यांदा पाठवणार नव्हते, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होतं. बाई म्हणाल्या, तुम्हाला आधीच सांगितलं होतं. आणि आता तिच्या घरी जाऊ नका, आणखी बिघडेल.

दोन दिवस मी गेले नाही. त्या दोन दिवसांत अन्न गोड लागेना. खिडकीशी उभी राहिले की फाटकाकडे नजर जायची, तास कुठला चालू आहे तेच विसरायची. गिरणीचा भोंगा झाला की वाटायचं, आजचाही दिवस गेला. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत छत्री उचलली आणि भर उन्हात भवानी पेठ गाठली.

गल्लीत मागांची खटखट चालली होती, दारादारात तेलुगू बायका कांड्या भरत बसल्या होत्या. दुकानात सासरे एका गिऱ्हाइकाला खण उलगडून दाखवत होते. माझी ओळख सांगितल्यावर ते लगबगीनं उठले, सतरंजी झटकली, पाणी मागवलं. मी बसले नाही. उभ्या उभ्या मी त्यांना सुनेच्या हुशारीपासून देशाच्या प्रगतीपर्यंत सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आपली काही ना नाही, आत विचारा. मला ती लबाडी वाटली. रागानंच मी पडदा सारून आत गेले.

आत सासूबाई सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. ठेंगणी, सडपातळ बाई, कपाळावर विभूतीचे पट्टे. सून एका कोपऱ्यात उभी होती, तिनं माझ्याकडे बघितलं नाही. सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, मीच का त्या लिहायला लावणाऱ्या बाई. मी हो म्हणाले. मग म्हणाल्या, हिनं काय लिवलंय ते मला सांगा, घरात कुणी मला वाचून दाखवलेलं न्हाई.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, वर्ग हसला तेही. त्या ऐकत होत्या, बोटं सुपात चालूच होती.

“आन माझ्या तोंडून काय लिवलं?”

मी सुनेकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. सासूबाईंच्या तोंडून तिनं एक अक्षर लिहिलं नव्हतं. ते तिला सुचलं नाही, आणि वाचताना मलाही खटकलं नव्हतं.

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. मग त्या सांगायला लागल्या, सावकाश, आवाज न चढवता. लग्न होऊन नवीनच आल्या होत्या. माहेरी सगळे सगळ्यांशी बोलायचे, त्यामुळे हे काही माहीत नव्हतं. सगळे जेवायला बसले असताना त्यांनी नवऱ्याला थेट विचारलं, भाजी वाढू का. समोर नवऱ्याचा बाप बसलेला. बाप एक शब्द बोलला नाही, पण नवरा भरल्या ताटावरून उठून गेला. मग घरातल्या बायकांनी समजावलं की इथं असंच असतं, थोरांसमोर नवऱ्याशी बोलायचं नसतं. त्याही म्हणाल्या, असेल. त्या दाराशी बोलायला लागल्या, जात्याशी बोलायला लागल्या, पोरं झाल्यावर पोरांशी. थोर माणसं एकेक करून गेली, तरी ती सवय गेली नाही. आता ती सोडून दे, असं त्यांना कुणी म्हणालंही नाही.

“आन परवा ही बोलली, तर म्हनाले, आतव्वा,” त्या म्हणाल्या. “उटले न्हाईत. रागावले न्हाईत. इतकं सोपं हुतं की, बाई, तर मी जनमभर कशापायी गप बसले?”

दुकान आणि माजघर यांच्यामध्ये नुसता पडदा होता. बाहेर खण उलगडल्याचा आवाज थांबला होता. गिऱ्हाईक केव्हा गेलं कुणास ठाऊक.

मला खूप काही बोलता आलं असतं. दाबाविषयी मी तासन्‌तास बोलत आले होते. त्या बाईसमोर मात्र मी नुसती खाली बसले. सून रडवेली होऊन म्हणाली, अत्ती, मी पुन्हा नाही बोलणार त्यांच्याशी. अत्ती म्हणजे सासू. त्यावर सासूबाईच तिच्यावर खेकसल्या, की बोल की, तुला कोण नको म्हणतंय.

मग मी धीर करून विचारलं, हिला कॉलेजला पाठवाल ना? त्यांनी पुन्हा सूप ओढलं आणि म्हणाल्या, ते त्यांना इचारा. बाहेर सासरे म्हणतात आत विचारा, आत सासू म्हणते बाहेर विचारा. त्या मुलीचं वर्ष दोघांच्या मध्ये पडद्यात अडकलं होतं. माझा संताप पुन्हा उसळला आणि कसलाही विचार न करता मी बोलून गेले :

“मी नाही विचारणार. तुमचे यजमान आहेत, तुम्हीच विचारा. तुम्ही, त्यांना, तोंडानं.”

सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “जावा तुमी आता,” एवढंच म्हणाल्या.

मी बाहेर पडले. सासरे दुकानात पाठमोरे उभे होते, त्यांनी वळून बघितलं नाही. रस्ताभर मी स्वतःशी भांडत होते. सुपरिंटेंडेंट बाई म्हणाल्या होत्या तेच झालं, आता पुरतंच बिघडलं, असं एकदा वाटायचं, आणि लगेच वाटायचं, बिघडू दे, ती बाई एवढं बोलली तरी. पण बोलून मोकळी झाली ती सासू, आणि परीक्षा बुडणार होती सुनेची. संध्याकाळी वह्या तपासायला बसले तर एका ओळीवरून पुढे जाता येईना.

दुसऱ्या दिवशी तासाला गेले तर ती आपल्या बाकावर बसलेली. मला इतका आनंद झाला की हजेरी घेताना तिच्या नावावर माझा आवाज चिरकला. सगळ्यांसमोर विचारणं बरं नव्हतं, म्हणून तो तास मी कसाबसा रेटला. तास संपल्यावर ती आपण होऊन टेबलापाशी आली. तिला सांगायचं होतंच, मला विचारावं लागलं नाही.

“काल जेवताना अत्तींनी मावांना विचारलं. थेट. सुनेला उद्या कॉलेजला धाडू का, म्हणून.”

“मग?” मी म्हणाले. “उठले?”

“नाही. बराच वेळ ताटाकडे बघत बसले. मला वाटलं, बोलतच नाहीत आता. अत्तींनी तेच परत विचारलं. तेव्हा म्हणाले, धाड की.”

“आणि सासूबाई?”

ती हसली नाही. वहीच्या कडेवरून बोट फिरवत ती म्हणाली, “अत्ती हातात पळी धरून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, परत एकदा म्हना.”