स्पष्ट ऐकू येणारं गाणं

माझा कान चांगला आहे, असं मला लहानपणापासून सांगण्यात आलं आणि मी ते कधी नाकारलं नाही. शाळेत बाईंच्या पेटीचा कोणता सूर उतरलाय ते मी बाकावरून सांगायचो. अभ्यासात, खेळात, दिसण्यात सांगण्यासारखं काही नसलेल्या मुलाला एवढी एक गोष्ट पुरली. दिवसा मी शुक्रवार पेठेतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवतो, पण कुणी विचारलं काय करता, तर मी गाणी करतो असंच सांगतो. ते खोटंही नाही. घराच्या वरच्या खोलीत संगणक, एक माइक, दोन स्पीकर आणि भिंतीला जुन्या चादरी लावून केलेला माझा स्टुडिओ आहे. नवरदेव मांडवात येताना वाजवायचं गाणं, शाळेच्या गॅदरिंगचं गाणं, रिक्षावर फिरणारी जाहिरात, जे येईल ते करतो.

आमचं घर विणकरांचं, तेलुगू बोलणारं. खाली माग, वर आम्ही. पूर्वी चार माग होते, आता दोन चालतात आणि तेही वडील हट्टाने चालवतात म्हणून. जेवणाच्या सुट्टीत मी छापखान्यातून घरी येतो, तेव्हा मागही थांबलेले असतात; तेवढ्यात वर रेकॉर्डिंग उरकून घेतो. गाणाऱ्याला आधीच सांगून ठेवतो की चुकायचं असेल तर लवकर चुका.

रेकॉर्डिंगनंतरचं काम मात्र केव्हाही करता येतं, आणि खरा नाद तिथेच लागतो. प्लगइन म्हणजे संगणकातल्या रेकॉर्डिंगला जोडायची छोटी छोटी अवजारं. एखादं आवाजाला घुमारा देतं, एखादं धार आणतं, एखादं ढोलकीचा दणका वाढवतं. ती ऑनलाइन विकत मिळतात आणि त्यांच्यावर सतत सवलत चालू असते. आज शेवटचा दिवस म्हणून घ्यावं, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा शेवटचा दिवस असतो. मी घेतलेल्यांपैकी बहुतेक प्लगइन धार आणणारी होती. कारण माझं प्रत्येक गाणं मला बोथट वाटायचं, गोधडी पांघरून कुणीतरी गातंय असं. चूक माझी नसणार याची खात्री होती. म्हणजे अवजार कमी पडत होतं. मग मी आणखी एक घ्यायचो, धार वाढवायचो, दोन दिवस खूश असायचो आणि पुन्हा गोधडी.

गाणं झालं की पहिल्यांदा घरात ऐकवायचो. वडील खाली मागावरून हात पुसत येत, खुर्चीत बसत, डोळे मिटून ऐकत. "आता कसं, शब्द न् शब्द कळतोय," असं म्हणत. त्यांच्याबरोबर माग चालवणारे काकाही मान डोलावायचे. आई, तीही उभा जन्म मागावर काढलेली, एकदा म्हणाली की रेडिओपेक्षा तुझं स्पष्ट असतं. एवढी पावती मिळाल्यावर बाहेरच्यांची कोण पर्वा करतो? बाहेरचे मात्र कुरकुरायचे. जाहिरातवाल्या रिक्षाचालकाने सांगितलं की आवाज कानात घुसतो, लोक शिव्या घालतात. त्याच्या कर्ण्यालाच मी नावं ठेवली. एका नवरीच्या भावाला तर मोबाइलवर गाणं ऐकून मत देऊ नका म्हणून सुनावलं होतं.

आमच्या घरात आवाज मोठाच. माग चालू असताना बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळे ओठांकडे बघून समजून घेतात, आणि माग बंद झाला तरी सवय जात नाही. माझी बायको माळशिरसकडची, शेतकऱ्याची मुलगी. कॉलेजात ओळख झाली, घरच्यांशी थोडी भांडणं होऊन लग्न झालं, आणि ती आल्यापासून घरात तेलुगूबरोबर मराठी सुरू झाली. सुरुवातीला तिने माहेरी तक्रार केली होती की सासरची सगळी माणसं माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात. कोरोनात तोंडावर मास्क आले तेव्हा वडिलांचं बाहेर बोलणंच बंद पडलं. औषधाच्या दुकानातून ते रागावून परत यायचे, म्हणायचे की हल्ली कुणी नीट बोलत नाही. आम्ही हसायचो. मीसुद्धा हसायचो, आणि स्वतः दुकानदाराला दोनदा विचारायचो.

होटगीच्या एका शाळेतल्या बाई गॅदरिंगचं गाणं घेऊन आल्या. मुलींचं लेझीम बसवलं होतं, गाणं त्यांनीच लिहिलं होतं. मी मुलींना वर बोलावून खऱ्या लेझमी रेकॉर्ड केल्या आणि मनापासून राबलो. लेझमीची छनछन काही केल्या उठून येत नव्हती. दोन प्लगइन लावली, तिसरं नवं घेतलं, तेव्हा कुठे ती पाहिजे तशी वाजली. वडिलांनी ऐकलं, खूश झाले. बाईंचा फोन आला तेव्हा त्या फार सभ्यपणे बोलल्या. तालमीला गाणं लावलं तर मुलींनी लेझमी खाली ठेवून कानात बोटं घातली, एवढंच त्यांनी सांगितलं.

आता मुलींच्या कानाला नावं ठेवणं मलाही जड गेलं. मग मी आवाजाचा आलेख काढणारं एक प्लगइन घेतलं. त्यात खर्जातले आवाज डावीकडे, बारीक तीक्ष्ण आवाज उजवीकडे दिसतात. गाणं लावलं तर उजवीकडे रेघा डोंगरासारख्या उठलेल्या. गाणं थांबवून खोलीतला नुसता शांतपणा रेकॉर्ड केला, तरी उजव्या टोकाला एक रेघ सरळ उभीच. खोलीत तर काहीच वाजत नव्हतं. मला आनंदच झाला. प्लगइन सदोष होतं. मी कंपनीला तावातावाने लिहिलं की तुमचं अवजार नसलेला आवाज दाखवतं, दुरुस्त करा. नमुना म्हणून रेकॉर्डिंगही पाठवलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. त्यांनी नम्रपणे कळवलं होतं की रेकॉर्डिंगमध्ये एक बारीक शिट्टी आहे, बहुधा एखाद्या चार्जरची, आणि ती आम्हाला स्पष्ट ऐकू येते. कृपया घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ऐकवून बघा.

त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी बायकोला वर बोलावलं. खुर्चीत बसवलं, रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं की काही वाजतंय का. तिने लगेच तोंड वाकडं केलं.

"शिट्टी वाजतीय की. बंद करा आधी."

मी विचारलं, ही आजच ऐकू येतेय का. ती म्हणाली, या खोलीत आलं की रोजच येते. आणि गाणी? माझी गाणी? ती म्हणाली, "लई टोचत्यात. मला वाटलं, तुमच्या घरात असंच ऐकत्यात. टीव्ही मोठा, बोलणं मोठं, तसं गाणंबी." एवढी वर्षं ती माझी गाणी ऐकताना हसतमुख बसली होती. मला तिचा राग आला, आणि त्या रागाला काही अर्थ नाही हे कळत असूनही तो दिवसभर गेला नाही.

कानाच्या डॉक्टरांनी एका बंद खोलीत बसवून कानांना हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. थोडे आवाज झाले आणि मग बराच वेळ काही नाही. मशीन बिघडलं असं समजून मी काचेतून खूण केली, तर डॉक्टरांनी हातानेच सांगितलं, चालू आहे. नंतर त्यांनी विचारलं, मागावर किती वर्षं होता? मी म्हणालो, एक दिवसही नाही. घरात माग आहेत का? आहेत म्हटल्यावर त्यांनी फक्त मान हलवली. दोन्ही कानांचे वरचे आवाज गेले होते. ते परत येत नाहीत, आहे ते जपा, म्हणाले.

बाहेर येऊन मी गाडीवर बसून राहिलो. कान म्हणजेच मी, असं समजून मी जगलो होतो. आता मी नेमका कोण, हे मला खरंच कळेना. गाणी सोडून द्यावीत असं ठरवलं, ते दोन-तीन दिवस टिकलं. वडिलांना मात्र काही सांगितलं नाही. त्यांच्या मागांवर आम्ही सगळे वाढलो. त्याच मागांनी हे केलं, हे त्यांना या वयात कशाला कळायला हवं?

होटगीचं गाणं बायकोने पुरं करायला लावलं. ती शेजारी बसली, मी बटण फिरवायचो आणि ती "बास" म्हणायची. लेझीम ती इतकी खाली उतरवायला लावत होती की माझ्यापुरती ती गाण्यातून नाहीशीच झाली. पहिल्या दिवशी मी चिडून म्हणालो, गाणं कोण करतंय, तू की मी? ती उठून खाली भाकरी करायला गेली. मी एकट्याने तासभर प्रयत्न केला आणि मग निमूटपणे तिला पुन्हा हाक मारली. तयार झालेलं गाणं बाईंना फार आवडलं. गॅदरिंगला मुलींनी त्यावर लेझीम खेळलं आणि लोकांनी पुन्हा लावायला लावलं, असं कळलं. माझ्या सगळ्या गाण्यांत तेवढं एक नावाजलं गेलं, आणि ते मी अजून पूर्ण ऐकलेलं नाही.

त्याच आठवड्यात दुपारी माग थांबल्यावर वडील वर आले. बाहेर कुणीतरी त्यांच्याजवळ गाण्याचं कौतुक केलं होतं. खुर्चीत बसले, म्हणाले, लाव. मी लावलं. बायको दारात उभी होती. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं आणि मग डोळे उघडले.

"लेझीम कुठाय?"

"आहे, नाना."

"मला नाही आली." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला येते?"

येते म्हणणं सोपं होतं. पण डॉक्टरांकडून आल्यापासून मी एकाच गोष्टीने थकलो होतो, आणि ती म्हणजे ऐकू आल्यासारखं दाखवणं. मी नाही म्हणालो. मग चाचणीचं सगळं सांगितलं, आणि ते कशामुळे हेही, कारण तेवढं लपवलं असतं तर त्यांनी विचारलंच असतं.

संगणकाच्या पडद्याकडे बघत ते म्हणाले, "तुझी झोळी मीच बांधली होती. दोन मागांच्या मधे. तुझी अम्मा एका मागावर, मी दुसऱ्यावर. तू आमच्या नजरेसमोर राहावास म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. राग येईल असं वाटलं, आला नाही. तान्ह्या पोराला डोळ्यांआड करायला तयार नसलेला, पंचविशीतला एक माणूस मला दिसला. मी गाणं पुन्हा सुरुवातीला नेलं, लेझमीचं बटण धरलं आणि वाढवत गेलो. वडिलांची मान हळूच हलायला लागली. आणखी थोडं वाढवलं, तेव्हा मलाही ती ऐकू आली. मागे वळून पाहिलं, तर बायको दोन्ही कान गच्च दाबून दारातच उभी होती, आणि बास म्हणत नव्हती.