चिडाच्या गळलेल्या सुया

वेल्ह्याकडच्या एका उतारावर आमच्या जंगल खात्याने उत्तरेकडून बी आणून चिडाची झाडं लावली होती. पानांच्या जागी लांब हिरव्या सुया असलेलं झाड आमच्या भागात कुणी पाहिलेलं नव्हतं. काही वर्षांनी त्या सुयांवर पिवळे पट्टे आले, मग त्या तांबूस होऊन गळू लागल्या. ही बुरशी आहे, असं पुण्याच्या एका जाणकारांनी कळवलं. ती पसरते कशी, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. दर आठवड्याला ठरलेल्या झाडांच्या सुया तोडायच्या, भिंगाखाली काळे ठिपके शोधायचे, वहीत लिहायचं. मी भोरचा, चार बुकं शिकलेला. त्या वहीचा मला अभिमान होता.

उताराखालच्या चिडाच्या रोपवाटिकेत पाणी घालायला मार्गासनीचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांना सगळे आबा म्हणत. वाफ्यांत तण माजू नये म्हणून मी त्यांना झाडांखालच्या गळलेल्या सुया रोपांभोवती पसरायला सांगितल्या.

“आदी भाजा की, भाऊसाहेब. राख घालू,” आबा म्हणाले. “भाताचं बी टाकायच्या आदी आमी वाफ्यावर वाळका पालापाचोळा टाकून राब भाजतो. कच्चा पाला कोन घालतंय?”

“आबा, हे भात नव्हे.”

“न्हाई बा. हे सायबाचं झाड. त्याला समदं चालत आसंल.”

पावसात रोपं बुडापासून तांबडी पडत गेली. भिंगाखाली तेच ठिपके दिसले. मी पसरायला लावलेल्या सुयांतूनच रोग उडाला होता. खात्याच्या साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी म्हणालो, “पावसाआधीच पाणी जास्त घातलं गेलं.” आबा शेजारीच उभे होते. साहेबांनी त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं आणि मी खाली पाहत राहिलो.

चैत्रापर्यंत मी ते मनात वागवलं. शेवटी मार्गासनीला गेलो. आबा शेतात राब भाजत होते. मी सगळं कबूल केलं.

“म्या तवाच वळखलं हुतं,” काठीने जाळ सारखा करत ते म्हणाले. “तुमच्या वहीला रोपं भ्यायली न्हाईत, एवढंच.”

“आबा, परत या.”

“येतो. पर हे सायबाम्होरं बोला. माज्याम्होरं बोलून काय व्हनार?”

दुसऱ्या दिवशी आबांना शेजारी उभं करून मी साहेबांना खरं सांगितलं. मग त्यांनी आबांना कामावर घेतलं आणि मला त्या हंगामापुरतं आबांच्या हाताखाली घातलं. मी सुया गोळा करून जाळल्या, घागरी वाहिल्या, आबांचे टोमणे ऐकले. नोकरीतले तितके सुखाचे दिवस मला दुसरे आठवत नाहीत.

त्या पावसाळ्यात बहुतेक रोपं हिरवी राहिली. काही तरीही तांबडी पडली. तीही मी वहीत जशीच्या तशी लिहिली, आणि जाळण्याचा उपाय कुणी सांगितला, तेही.